परत आलं नाही म्हणजे पोचलं

१९९८ च्या ऑगस्टमधल्या एका सोमवारी सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी, ठाण्यात वर्तकनगरच्या एका कॉम्प्युटर केंद्रात, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी आपली ई-मेलची पेटी उघडली. त्याआधीच्या तीन महिन्यांत त्यांनी ती एकदाही उघडली नव्हती. पेटीत एकही पत्र नव्हतं. पडद्यावर इंग्रजीत तीन-चार ओळी होत्या. त्यांचा अर्थ असा: ही पेटी बरेच दिवस वापरात नसल्यामुळे बंद करण्यात आली होती, आतली सर्व पत्रं काढून टाकण्यात आली आहेत, पुन्हा सुरू करायची असल्यास खालचं बटण दाबा.

त्यांनी त्या ओळी वहीत उतरवून घेतल्या. खाली तारीख आणि वेळ घातली. मग केंद्र चालवणाऱ्या सुनंदाबाईंना विचारलं, "काढून टाकली म्हणजे कुठे ठेवली?"

"कुठेच नाही, काका."

"असं कसं? मालक सापडला नाही तरी पत्र कुठेतरी ठेवतातच."

हे संभाषण सुनंदाबाईंनी मला त्याच दुपारी फोनवर सांगितलं. त्या वेळी मी ठाण्याच्या एका लहान दैनिकात उपसंपादक होतो. आमची कचेरी खोपटला, एसटी आगाराच्या समोरच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर होती. त्या गृहस्थांची आणि माझी ओळख तेव्हा दहा महिन्यांची होती.

पहिल्यांदा ते आले ते चूक दाखवायला. ‘ई-मेल जगात कुठेही क्षणात पोचतो’ असं आम्ही छापलं होतं. त्यांनी कात्रण माझ्यापुढे ठेवलं.

"उपसंपादक साहेब, ‘पोचतो’ हे तुम्ही कशावरून लिहिलंत?"

"सगळेच म्हणतात."

"निघतो म्हणा. पोचला हे कुणी पाहिलं?"

छत्तीस वर्षं त्यांनी टपालाची छाननी केली होती, त्यातली बरीचशी कल्याणला. हातात कोणताही कागद आला, मग ते लग्नाचं निमंत्रण असो की विजेचं बिल, की ते आधी त्याच्या कडा टेबलावर दोनदा ठोकून सरळ करत, मग उलटा करून मागची बाजू पाहत. शिक्का कुठला, कधीचा, हे आधी. मजकूर नंतर. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नोकरी संपते, हात कामावरच राहतात.

त्या दिवशी त्यांच्याजवळ एक दोनशे पानी वही होती. इंटरनेटचा एकेक शब्द आणि त्यापुढे त्यांनी स्वतःच्या समजुतीसाठी लिहिलेला अर्थ. मी दोन पानं वाचली आणि वही संपादकांकडे घेऊन गेलो. पुढच्या गुरुवारपासून ‘इंटरनेटचे शब्द’ ही चौकट सुरू झाली. लेखकाचं नाव त्यांनी घालू दिलं नाही.

त्यांचे अर्थ असे असत. सर्व्हर म्हणजे छाननी कार्यालय. तिथे कुणी राहत नाही, सगळं तिथून जातं. पासवर्ड म्हणजे पेटीची किल्ली. ती एकाचीच असते. अटॅचमेंट म्हणजे पत्रासोबतचं पार्सल. अनोळखी माणसाचं फोडू नये. डाउनलोड म्हणजे गाडीतून पोतं उतरवून घेणं. पोतं मोठं असेल तर वेळ लागणारच, ओरडून उपयोग नाही. पत्त्यातल्या त्या गोल शेपटीच्या चिन्हाला काय म्हणायचं, यावर आमच्या कचेरीत दोन दिवस वाद झाला होता. त्यांनी एका ओळीत सोडवला: ‘हे मु. पो. समजावे. आधी माणसाचे नाव, मग मु. पो., मग गाव.’

चौकट लोकप्रिय झाली. डोंबिवलीच्या एका शिक्षिकेने लिहून विचारलं की पासवर्ड नवऱ्याला सांगावा का. त्यांनी कार्डावर उत्तर पाठवलं: ‘किल्ली एकाची. संसार दोघांचा. गल्लत करू नये.’

केंद्रात ते रोज सकाळी अकराला येत. तिथे एक नोंदवही होती. नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. बाकीची मंडळी काहीतरी गिरगटत. त्यांची नोंद छापल्यासारखी असे. मोडेम फोनवर शीळ घालू लागला की ते हात वर करून सगळ्यांना गप्प करत.

"थांबा. ओळख पटवतायत एकमेकांची."

"काका, ते मशीन आहे," सुनंदाबाई म्हणत.

"असेना. आपल्यापेक्षा शिस्तीचं आहे."

इतका उत्साह त्यांच्यात कुठून आला, हे मी बरेच दिवस विचारलं नाही. बातमीदारी करणाऱ्याने विचारायला हवं होतं. शेवटी सुनंदाबाईंकडून कळलं. शब्दांची वही हा जोडधंदा होता. रोज तासभर ते शोधयंत्रात एकच नाव टाकत: मुलीचं नाव, लग्नानंतरच्या आडनावासह. शेकडो ओळी येत. त्या नावाच्या बायका जगात पुष्कळ होत्या. त्यांची कुणीच नव्हती.

मुलीने १९९० साली लग्न केलं होतं. मुलगा खाडीकडच्या कोळीवाड्यातला, तिच्यासोबत इंजिनिअर झालेला. वडिलांनी दार बंद केलं. वर्षभरात ती दोघं कॅनडाला गेली. तिथून तिची तीन पत्रं आली. तिन्ही वेळा यांनी पोस्टमनला जिन्यातच गाठलं, पत्र हातात घेतलं, उलटं करून शिक्का पाहिला आणि पाकिटावर आपल्या छापील अक्षरात ‘घेण्यास नकार’ लिहून, सही-तारीख घालून परत दिलं. तेही न फोडता. वरच्या मजल्यावर त्यांची पत्नी विचारायची, "आलं का काही?" ते सांगायचे, "नाही."

पत्नी १९९६ मध्ये गेली. त्यानंतर त्यांनी मुलीला चार पत्रं लिहिली. पत्ता त्या परत केलेल्या पाकिटांवरचा, त्यांना पाठ होता. चारही परत आली. त्या पत्त्यावर आता कुणी दुसरं राहत होतं.

"आणि कोळीवाड्यात तिची सासू राहते," सुनंदाबाई मला म्हणाल्या. "रिक्षाने वीस मिनिटं. तिथे जायचं सोडून हे जगभर शोधतायत."

एप्रिलच्या शेवटी एका रविवारी ते माझ्या घरी आले. चप्पल न काढता दारातच उभे राहिले.

"उपसंपादक साहेब, कोळीवाड्यात यायचंय माझ्याबरोबर. तुम्हाला कुठेही जायची सवय असते."

त्यांची विहीण पडवीत सुकट निवडत बसली होती. साठीची बाई, अंगाने दणकट. तिने यांना ओळखलं, पण हातातलं काम थांबवलं नाही.

"आलास? सात वर्सं लागली तुला वर्तकनगरवरनं यायला."

ते उभेच होते. मी म्हणालो, "मावशी, यांना मुलीचा पत्ता हवाय. नाहीतर फोन नंबर."

"तू कोन?"

"पेपरात असतो."

"मंग गप बस." ती त्यांच्याकडे वळली. "फोन नाय देणार. पोरीनं सांगितलंय, नंबर द्याचा नाय. तिची आई मेली ते तिला माझ्याकडनं कललं. तुझ्याकडनं नाय."

"चूक झाली," ते म्हणाले. मी त्यांना हे शब्द म्हणताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

ती उठली, आत गेली आणि देवाच्या फोटोमागून एक चिठ्ठी घेऊन आली. "ती बोलली होती, कदी आलाच तर हे दे. याच्यात काय लिवलंय मना नाय कलत. तुला कलतं ना? तिथं लिव. जबाब द्याचा का नाय ते तिचं ती बगंल."

चिठ्ठीवर एक ई-मेल पत्ता होता. त्यांनी चिठ्ठी उलटी करून पाहिली. मागे काही नव्हतं.

"च्या घेनार?" ती म्हणाली. "मच्छीच्या हाताचा चालतो का आता?"

त्यांनी चहा घेतला. कप रिकामा केला आणि विसळून ठेवायला स्वतः मोरीकडे गेले.

पत्र मे महिन्याच्या मध्यावर गेलं. देवनागरीत लिहायची सोय नव्हती, म्हणून मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहावे लागले. त्याचा त्यांना फार त्रास झाला. मूळ मजकूर त्यांच्या वहीत मी नंतर वाचला. ‘तुझी तिन्ही पत्रे मी न फोडता परत केली. आई रोज विचारत होती, मी नाही म्हणालो. ती गेली. तुला कळवले नाही. उत्तराची सक्ती नाही. बाबा.’

दोन दिवस ते केंद्रात पेटी उघडून बसले. पत्र परत आलं नाही.

"परत आलं नाही म्हणजे पोचलं," ते म्हणाले. हे वाक्य ते नेहमीच वापरत. छत्तीस वर्षांचा नियम होता.

तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की आता तीन महिने पेटी उघडायची नाही.

"का?" मी विचारलं.

"तीन पत्रं परत केली. पत्रामागे एक महिना."

"काका, रोज बघा की," सुनंदाबाई म्हणाल्या. "बघायला काय जातंय?"

"रोज बघितलं तर मागणं झालं. मी मागणारा नाही. तिला वेळ देणारा." मग म्हणाले, "पत्र कुठे पळून जातंय? पेटीत पडून राहील."

हीच गोष्ट त्यांनी मेच्या पहिल्या गुरुवारच्या चौकटीत लिहिली होती. शब्द होता ‘इनबॉक्स’. मजकूर असा: ‘पोस्टातल्या पेटीसारखेच. मालक येईपर्यंत पत्र आत सुरक्षित राहते. घाई नाही.’ मी तो वाचला, विरामचिन्हं तपासली आणि छापायला पाठवला.

त्यानंतर सहा दिवसांनी आमच्या कचेरीत शहाडच्या एका वाचकाचं कार्ड आलं. त्याने लिहिलं होतं की फुकटातल्या पेट्या ठरावीक दिवस उघडल्या नाहीत तर बंद होतात, आतली पत्रं जातात, त्याची स्वतःची गेली आहेत. कृपया लेखकांना कळवावं. कार्ड मी वाचलं. त्या दिवशी पानावर जागा नव्हती. मी ते ‘पुढे पाहू’ असं लिहिलेल्या ट्रेमध्ये टाकलं. त्यांचं मुलीला पत्र जाण्याआधीची ही गोष्ट आहे. त्यानंतर ते चौकटीचा मजकूर द्यायला दर मंगळवारी येत आणि त्या ट्रेपासून हातभर अंतरावरच्या खुर्चीत बसत.

तीन महिन्यांत ते बारीक झाले. मंगळवारी आले की पहिला प्रश्न मला असे, "आज कितवा?" मी दिवस सांगे. त्यांना तो ठाऊक असे. जुलैमध्ये एकदा ते खुर्चीत बसून नुसतेच उठून गेले; मजकूर खिशातच राहिला.

ऑगस्टच्या त्या सोमवारी सुनंदाबाईंचा फोन आल्यावर मी ट्रे उपसला. कार्ड तळाशी होतं. ते घेऊन वर्तकनगरला त्यांच्या घरी गेलो. ते खिडकीशी बसले होते. मी कार्ड दिलं. त्यांनी त्याच्या कडा ठोकायला टेबल शोधलं, सापडलं नाही, मांडीवरच ठोकल्या. मग शिक्का पाहिला. शहाडचा, ठाण्याचा. दोन्ही तारखा पुटपुटल्या. मग मजकूर वाचला.

"वेळेवर आलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"म्हणजे टपालाची चूक नाही."

"नाही."

"आणि चौकट मीच लिहिली." कार्ड मला परत देत म्हणाले, "दुरुस्ती छापा. माझ्यासारखं अजून कुणी थांबून बसलं असेल."

गुरुवारी दुरुस्ती छापली. चार ओळी, पान पाच. दुरुस्तीचा मजकूर त्यांनीच लिहिला होता. कार्ड माझ्या ट्रेमध्ये तीन महिने होतं, हे त्यात नव्हतं. मीही ते घातलं नाही.

त्याच आठवड्यात आम्ही पुन्हा कोळीवाड्यात गेलो. घराला कुलूप होतं. शेजारची बाई दारात जाळं पसरून बसली होती.

"म्हातारीला नेलं पोरानं. कायमची. सून आल्ती न्यायला."

"सून?" मी विचारलं. "कधी?"

"जुलैत. आठ दिवस व्हती हितं."

ते भिंतीला हात लावून उभे राहिले.

"फोन नंबर, पत्ता, काही आहे का?" मी विचारलं.

"म्हातारीकडं व्हता. आमच्याकडं नाय." तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तुमी तिचं बाबा का?"

मी हो म्हणालो.

"ती रोज संध्याकाळी टेशनाकडं जायाची, त्या कम्पुटरच्या दुकानात. एक दिवस लय रडत आली. मी इचारलं तर बोलली, बाबांना लिवलेलं परत आलं. बोलली, आजून पन परतच पाठवतात."

एवढं सांगून तिने जाळ्यातला एक तुटलेला धागा दाताने कापला. "मंग पुन्ना गेली नाय तिकडं."

परतताना रिक्षात, खोपटच्या सिग्नलला ते म्हणाले, "चौथं."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"चौथंही मीच परत पाठवलं. या वेळी तर हातसुद्धा लावला नाही."

केंद्रात जाऊन त्यांनी दुसरं पत्र लिहिलं. सुनंदाबाईंनी टाइप केलं, कारण त्यांना कळफलकावरची अक्षरं सापडत नव्हती. ‘तुझे पत्र मी परत केले नाही. यंत्राने केले. पेटी मी उघडली नव्हती. आता रोज अकरा वाजता उघडतो. बाबा.’

"एवढंच?" सुनंदाबाई म्हणाल्या. "काका, अजून लिहा. या म्हणून लिहा."

"कोणत्या तोंडाने?"

"ह्याच तोंडाने. लिहा."

त्यांनी एक शब्द वाढवला: ‘ये.’

ते पत्र परत आलं नाही. उत्तरही आलं नाही. सप्टेंबर ते जानेवारी, नोंदवहीत रविवारचीसुद्धा नोंद आहे; रविवारी केंद्र बंद असे, पण त्यांच्यासाठी सुनंदाबाई अकराला कुलूप काढत. आल्याची वेळ अकरा, गेल्याची अकरा पाच. दिवाळीत त्यांना ताप होता तेव्हा सुनंदाबाईंनी विचारलं, "किल्ली मला सांगून ठेवा. तुम्ही नसलात तर मी उघडीन."

"दुसऱ्याचं टपाल उघडू नये."

"उघडत नाही हो. पेटी चालू राहावी एवढंच."

"माझं असतं तर दिली असती," ते म्हणाले. "आत असलं तर ते तिचं आहे." आणि तापात रिक्षा करून स्वतः आले.

चौकट त्यांनी बंद केली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "शब्द संपले." वही मला दिली. तिच्यात शेवटचा शब्द ‘बाउन्स’ आहे. त्यापुढची जागा कोरी आहे.

जानेवारी १९९९ च्या तिसऱ्या आठवड्यात, एका बुधवारी दुपारी, ते घरीच वारले. हृदयविकाराचा झटका होता असं डॉक्टरांनी सांगितलं. नोंदवहीत त्या सकाळची नोंद आहे. आल्याची वेळ अकरा. गेल्याची अकरा पाच. सही.

मृत्यूचा दाखला घ्यायला दूरचा एक पुतण्या आला होता. मुलीला कळवायला त्याच्याकडेही पत्ता नव्हता. चिठ्ठीवरच्या पत्त्यावर मी कळवलं. माझं पत्र परत आलं नाही. उत्तर आलं नाही.

किल्ली कुणालाच ठाऊक नव्हती. तेराव्यानंतरच्या शुक्रवारपासून सुनंदाबाईंनी आपल्या पेटीतून त्यांच्या पत्त्यावर दर आठवड्याला एक पत्र पाठवायला सुरुवात केली. रोमन अक्षरांत एकच ओळ: ‘काका, केंद्र चालू आहे.’

"हे कशासाठी?" मी विचारलं.

"परत आलं नाही म्हणजे पेटी अजून उघडी आहे," त्या म्हणाल्या. "उघडी आहे तोवर तिचं आलं तर आत पडेल. परत जाणार नाही."

फेब्रुवारीत एकही पत्र परत आलं नाही. मार्चमध्येही आलं नाही. एप्रिलच्या दुसऱ्या शुक्रवारी मी केंद्रात होतो. सुनंदाबाईंनी अकरा वाजता पत्र पाठवलं. अकरा वाजून चार मिनिटांनी ते परत आलं.